नोकरी सांभाळून बंगल्याची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुना बंगला नोकरी सांभाळून स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्या नाशिकच्या वाचकांची पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण कमीअधिक प्रमाणात सर्वांचीच असल्यामुळे त्याचे उत्तर बरेच लांबले आहे.

प्रश्न : गंगापूर रोड परिसरात वडिलांनी 1984 मध्ये बांधलेला आमचा तळमजल्याचा बंगला आहे. नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला आहे, कॉलम नाहीत. मी अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि पत्नी शिक्षिका आहे. पावसाळ्यात दोन खोल्यांत गच्चीतून पाणी येते, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला बारमाही ओल असते, फरशी आणि रंगही जुने झाले आहेत. ठेकेदारांनी सांगितलेले आकडे परवडणारे नाहीत. मला ड्रिल आणि ग्राइंडर चालवता येतात, सुतारकामाचीही आवड आहे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करून वर्षभरात बंगला नीट करता येईल का? सुरुवात कोठून करावी? आम्हाला याच घरात राहायचे आहे.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : करता येईल, मात्र सगळे काम स्वतःच्याच हाताने करण्याचा आग्रह धरल्यास एका वर्षाची दोन होतील आणि मधल्या पावसाळ्यात झालेले कामही वाया जाईल. आपल्याला काय जमते याचा विचार आपण केलेला दिसतो. नोकरदाराने त्याच्याही आधी प्रत्येक कामाबाबत एवढेच तपासावे, की हे काम रात्री नऊ वाजता आहे तसे टाकून दुसऱ्या दिवशी पाळीवर जाता येईल का. जुना रंग खरवडणे, दारे-खिडक्या घासून पॉलिश करणे, पुट्टी लावणे, एखाद्या खोलीच्या फरशा बसवणे, कपाटे तयार करणे ही कामे मध्येच थांबली तरी बिघडत नाहीत. आठ दिवस हात लागला नाही, तरी फार तर घरात पसारा राहतो. याउलट गच्चीचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, उखडला, पाण्याची मुख्य वाहिनी तोडली किंवा विजेचा बोर्ड काढला, की ते काम पुरे होईपर्यंत घराला स्वस्थता नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपली रात्रपाळी लागलेली असते. पहिल्या प्रकारची कामे आपण हौसेने करावीत. दुसऱ्या प्रकारची कामे आपल्याला येत असली तरी माणसे लावून सलग उरकून घ्यावीत.

माणसे लावताना सामान आपण आणून द्यावे आणि फक्त मजुरी ठरवावी, म्हणजे खर्चाचा मोठा भाग आपल्या हाती राहतो. मजुरी उक्ती ठरवावी की रोजंदारीने, याचे उत्तर कामागणिक बदलते. फरशी किंवा नवा गिलावा यांसारखे काम मोजता येते आणि झाल्यावरही तपासता येते, म्हणून ते चौरस फुटाच्या दराने उक्ते द्यायला हरकत नाही. गंजलेल्या सळया साफ करणे, जलरोधक थर देणे, न्हाणीघरातील नळ जोडणे ही कामे मात्र नंतर झाकली जातात आणि उक्त्या कामात घाई होतेच. ती रोजंदारीने, आपण घरी असताना करून घ्यावीत. रजा शिल्लक ठेवायच्या असतील तर याच दिवसांसाठी ठेवाव्यात. रंग खरवडण्यासाठी रजा टाकणे हा उधळेपणा आहे.

कामाचा क्रम वरून खाली आणि ओल्याकडून कोरड्याकडे असा असावा. आधी गच्ची, मग नळ आणि सांडपाणी, मग वीज, त्यानंतर गिलावा, फरशी आणि सर्वांत शेवटी रंग. घरातील मंडळींना डोळ्यांना दिसणारा बदल लवकर हवा असतो, त्यामुळे बैठकीच्या खोलीला रंग आधी लावण्याचा आग्रह होतो. गच्चीचे पाणी थांबलेले नसताना लावलेला रंग पहिल्याच श्रावणात पापुद्रे सोडतो, हे त्यांना वेळीच समजावून सांगावे.

गच्चीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पत्रातील बहुतेक तक्रारींचे मूळ तेथे असण्याची शक्यता आहे. पाणी नेमके कोठून येते ते आधी शोधावे. ते केवळ पावसाळ्यात येत असेल तर कोबा, कठड्याचा सांधा किंवा पावसाच्या पाण्याच्या पाइपाचे तोंड यांपैकी काहीतरी सदोष आहे. हिवाळ्यातही छतावर ओलसर डाग दिसत असेल तर गच्चीवरील टाकी किंवा तिची नळजोडणी तपासावी. यानंतर हातोडीच्या दांड्याने किंवा एखाद्या जाड नाण्याने कोब्यावर ओळीने ठोकत जावे. कोबा खाली घट्ट बसलेला असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेला असेल तर बद्द येतो. जेथे बद्द आवाज येतो तेथे खडूने वर्तुळ करावे. तासाभराच्या या कामातून गच्चीचा नकाशाच तयार होतो आणि कोणत्याही ठेकेदाराशी बोलताना तो उपयोगी पडतो. बद्द भाग तुरळक असेल तर तेवढाच काढून भरावा, भेगा रुंद करून पॉलिमरयुक्त मालाने बुजवाव्यात आणि वरून जाळी घालून लवचीक जलरोधक थर द्यावा. हा थर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे धरूनच खर्चाचा हिशेब करावा. निम्म्याहून अधिक गच्ची बद्द वाजत असेल तर संपूर्ण कोबा काढण्यावाचून गत्यंतर नाही.

या ठिकाणी एक सोपा वाटणारा सल्ला आपल्याला हमखास मिळेल, तो म्हणजे जुना कोबा तसाच ठेवून त्यावर नवा कोबा टाकण्याचा. तो कृपया मानू नये. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा चौरस मीटरला साधारण 190 ते 200 किलो भरतो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत जो वापराचा भार धरतात, तो चौरस मीटरला 150 किलो आहे. म्हणजे कोब्याचा दुसरा थर टाकणे हे गच्चीवर कायमची गर्दी उभी करण्यापेक्षाही जड आहे, आणि आपला स्लॅब चाळीस वर्षांचा आहे.

नवा कोबा टाकताना पाण्याचा उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर असावा आणि कठडा व गच्ची यांच्या सांध्यात गोलाकार वाटा, म्हणजे कोपरा भरणारी मालाची गोलाई, काढलेला असावा, कारण काटकोनी कोपऱ्यातच भेग आधी पडते. काम झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर पाच सेंटिमीटर पाणी दोन दिवस उभे करावे आणि खालून छत पाहावे. पाच सेंटिमीटर पाण्याचा भार चौरस मीटरला 50 किलो होतो, तो निरोगी स्लॅबला पेलतो. ज्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आहेत त्यावर मात्र अशी चाचणी अभियंत्याला विचारल्याखेरीज घेऊ नये.

छताच्या खालच्या बाजूने गिलाव्याचे पोपडे पडून तांबूस सळया दिसत असतील, तर तेथे नुसता नवा गिलावा मारून घेऊ नये. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, त्यामुळे आत गंज चालू राहिला की नवा गिलावाही ढकलला जातो. खालून टेकू देऊन सळयांच्या मागपर्यंतचे सैल काँक्रीट काढणे, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासणे, गंजरोधक थर देणे आणि पॉलिमरयुक्त मालाने ती जागा भरणे, असा तो क्रम आहे. सळईची जाडी लक्षात येण्याइतकी कमी झाली असेल तर पुढचा निर्णय स्ट्रक्चरल अभियंत्याने घ्यायचा असतो. त्याची फी देणे आपल्याला जड जाणार असेल, तर महागड्या फरशीचा विचार पुढे ढकलावा.

न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीची ओल बारमाही आहे, म्हणजे तेथे पावसाचा संबंध नाही. दोष बहुधा जुन्या लोखंडी नळांत किंवा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतील सांडपाण्याच्या तोंडाच्या) सांध्यात असतो. चाळीस वर्षांपूर्वीचे जस्तलेपित नळ आतून गंजून अरुंद झालेले असतात. ते पूर्ण बदलून गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे) नळ घालावेत आणि फरशी बसवण्यापूर्वी नळांत दाब देऊन एक रात्र तसाच ठेवून पाहावा. जमिनीवरचा जलरोधक थर भिंतीवर किमान एक फूट वर चढवावा आणि फवाऱ्याखालच्या भागात सहा फुटांपर्यंत न्यावा. तेथेही पाणी उभे करून चाचणी घ्यावी. घरात राहूनच काम करायचे असल्याने दोन न्हाणीघरे असतील तर एक संपूर्ण वापरात आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, आणि एकच असेल तर ते काम मे महिन्याच्या सुट्टीत, कुटुंब गावी असताना सलग करून घ्यावे. शिवाय एका खोलीत शेवटपर्यंत काम काढू नये. धुळीपासून दूर झोपायला आणि मुलांना अभ्यासाला जागा नसेल, तर तिसऱ्या महिन्यात कामाविषयीच घरात तंटे सुरू होतात.

आता आपण स्वतः करणार असलेल्या छोट्या गवंडीकामाविषयी. संध्याकाळी काम करणाऱ्याची सर्वसाधारण सवय म्हणजे एकदम मोठा माल कालवायचा आणि तो घट्ट होऊ लागला की पाणी टाकून पुन्हा सैल करायचा. असा माल वाळल्यावर भुसभुशीत राहतो. दोन-तीन घमेल्यांचाच माल कालवावा आणि तो अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. सिमेंटच्या गोण्या फळीवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. तीन महिन्यांहून जुने सिमेंट ताकद गमावू लागते, त्यामुळे वर्षभराचे सिमेंट एकदम घेऊन ठेवण्यात बचत नाही. जुन्या भिंतीवर गिलावा करण्यापूर्वी टाचे मारून ती खरबरीत करावी आणि आदल्या रात्री भिजवावी. पुढचा प्रश्न पाणी मारण्याचा, आणि नोकरदाराचे काम खरे बिघडते ते येथेच. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि सध्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा लागतो. दिवसभर घरी कोणी नसेल तर भिंतीवर गोणपाट टांगून सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर ते चिंब करावे. एप्रिल-मे महिन्यांतील नाशिकच्या कोरड्या उन्हात दुपारपर्यंत गोणपाट वाळते, म्हणून शक्यतो गिलाव्याची कामे त्या दिवसांत काढूच नयेत.

यावरून वर्षाचे वेळापत्रक आपोआप ठरते. दिवाळीनंतर लगेच गच्ची हाती घ्यावी आणि डिसेंबरपर्यंत ती संपवावी. मे महिन्यावर ठेवली तर वळवाच्या एखाद्या सरीत उघडा स्लॅब भिजतो. जानेवारी ते मार्चमध्ये नळ, वीज आणि गिलावा करावा, उन्हाळ्यात न्हाणीघर आणि फरश्या घ्याव्यात. मृग लागल्यावर बाहेरचे सर्व काम थांबवून पावसाळाभर सुतारकाम, पॉलिश आणि कपाटे करावीत. गच्चीची खरी परीक्षाही त्याच काळात होईल. भिंती कोरड्या राहिल्याची खात्री पटल्यावर दसऱ्याच्या सुमारास रंगाला हात घालावा. 2027 च्या सिंहस्थाची कामे शहरात चालू असताना चांगला गवंडी आयत्या वेळी मिळेल असे गृहीत धरू नये. गणपतीनंतर लगेच त्याच्याशी बोलून दिवस ठरवून घ्यावेत. पैशांपैकी साधारण चौथा हिस्सा कोणत्याही कामाला न नेमता बाजूला ठेवावा. कोबा आणि गिलावा काढल्यावर खाली काय निघेल ते कोणालाही आधी सांगता येत नाही.

प्रश्न : आमचा बंगला नाशिक रोडला आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधील भिंत काढून एकच मोठी खोली करावी असे मनात आहे. मी बँकेत नोकरी करते. माझा भाऊ म्हणतो की एका रविवारी हातोडा घेऊन तो भिंत पाडून देईल. महापालिकेची परवानगी लागते का?
– एक वाचिका, नाशिक रोड

उत्तर : भावाला तूर्त थांबवावे. आधी भिंतीची जाडी मोजावी. दरवाजाच्या चौकटीपाशी, गिलाव्यासह पाच-सहा इंच भरली तर ती बहुधा पडदी, म्हणजे भार न वाहणारी आडभिंत आहे. दहा इंचांच्या आसपास भरली तर तिच्यावर स्लॅबचा भार असण्याची दाट शक्यता आहे. जाडी हा एकच पुरावा मात्र पुरेसा नाही. वर मजला असेल तर त्याच रेषेत वरची भिंत आहे का, आणि खोल्यांवर स्लॅब कोणत्या दिशेने टेकला आहे, हेही पाहावे लागते. बंगल्याचा मंजूर नकाशा कागदपत्रांत असेल तर तो काढून ठेवावा. ज्या बंगल्यात कॉलम नाहीत तेथे नऊ इंची भिंत काढायची म्हणजे दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, वर तुळई घालून आणि तिच्या टोकांना पुरेसा आधार ठेवून काढायची; ते काम अभियंत्याच्या आराखड्यावरच होते आणि रविवारी सुरू करून सोमवारी कामावर जाण्याइतके लहान नसते. पूर्ण भिंत काढण्याऐवजी ओट्यापासून वर चार-पाच फुटांची खिडकी ठेवून दोन्ही खोल्या जोडता येतात. तिलाही वर लिंटेल (आडवी छोटी तुळई) लागते, पण खर्च आणि धोका दोन्ही पुष्कळ कमी होतात, शिवाय फोडणीचा धूर थोडा तरी आवरता येतो.

परवानगीबाबत सांगायचे तर रंग, गिलावा, फरशी बदलणे यांसारख्या आतल्या दुरुस्त्यांना, ज्यांनी इमारतीच्या बाह्य रूपात लक्षणीय फरक पडत नाही, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार सर्वसाधारणपणे विकास परवानगी लागत नाही. भार वाहणारी भिंत, तुळई, जिना किंवा स्लॅब यांना हात लागत असेल, पोर्च बंद करून खोली करायची असेल किंवा गच्चीवर पत्र्याची खोली उभारायची असेल, तर नगररचना विभागाकडे आधी जावे. तेथे स्वतः चकरा मारण्यापेक्षा परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत प्रस्ताव दाखल केलेला नोकरदारांना सोयीचा पडतो.

भिंत राहो वा जावो, नळ-वायरींसाठी तिच्यात खाचा पाडताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. भार वाहणाऱ्या भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंची भिंतीत आडवी खाच दीड इंच झाली की संपली. ग्राइंडर हाती आला की माणूस सहज भिंतभर आडवी रेघ ओढतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरच्या बंगल्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा पडल्या आहेत. दर दोन वर्षांनी पुट्टीने बुजवतो, त्या पुन्हा उघडतात. यंदा मी स्वतः सर्व भिंती गिलावा काढून नव्याने करणार आहे. काही विशेष माल वापरावा का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : माल निवडण्यापूर्वी भेग जिवंत आहे की मेलेली, ते ठरवावे. नाशिक परिसरात बऱ्याच ठिकाणी मुरमावर काळ्या मातीचा थर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या थरातच थांबलेला असेल तर घराचा एखादा कोपरा दर वर्षी किंचित वर-खाली होतो आणि भिंत सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात तडकते. अशा भेगेवर कितीही भारी पुट्टी लावली तरी ती टिकत नाही.

भेगेवरचा रंग आणि पुट्टी चार इंच रुंद खरवडून भिंतीची वीट किंवा मूळ गिलावा उघडा करावा. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके एपॉक्सीने चिकटवावीत, मधला भाग मोकळा ठेवावा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. काच ताणाला जराही दाद देत नाही. भेग केसभर उघडली तरी पट्टी तडकते किंवा एका टोकाने सुटते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पट्टी शाबूत राहिली तर भेग मेलेली समजून ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करावी, पॉलिमरयुक्त मालाने भरावी, वर जाळी लावावी आणि मग गिलावा करावा. पट्टी तडकली तर गिलाव्याचा खर्च थांबवून पायाकडे वळावे.

पायाकडे वळणे म्हणजे लगेच पाया खोदणे नव्हे. घराभोवतीचे पाणी आधी पाहावे. गच्चीचे पाइप जोत्यापाशीच मोकळे सोडलेले असतात, बागेचा नळ भिंतीलगत ठिबकत असतो, सांडपाण्याचे चेंबर फुटलेले असते, आणि या सर्वांमुळे एका बाजूची माती वर्षभर ओली व दुसरी कोरडी राहते. पाइपांचे पाणी घरापासून दूर नेणे आणि जोत्याभोवती तीन-चार फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा घालणे, ही दोन्ही कामे सुट्टीच्या दिवसांत टप्प्याटप्प्याने स्वतः करता येतात. भिंतीला चिकटून वाढलेला उंबर किंवा पिंपळ असेल तर त्याच्या मुळांचाही विचार करावा, मात्र झाड तोडण्यास महापालिकेची परवानगी लागते. भेगेची रुंदी पाच मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, दारे अडकू लागली असतील किंवा भेगेच्या दोन्ही बाजू एका पातळीत राहिल्या नसतील, तर वर्षभर वाट न पाहता अभियंत्याला बोलवावे.

प्रश्न : आमच्या घरात लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायरिंग आहे. मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम केला आहे, पण सध्या नोकरी दुसऱ्या क्षेत्रात करतो. घराची वायरिंग मीच करू का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : कौशल्य आपल्याकडे आहे, परंतु घराची नवी वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत व्हावी असा नियम आहे आणि मंजूर भार वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करताना त्याचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. म्हणून आधीच अशा ठेकेदाराशी बोलून कामाची वाटणी करावी. खाचा पाडणे, पाइप आणि बोर्डांचे डबे बसवणे, वायरी ओढणे यांत आपला हातभार लागू शकतो. मुख्य बोर्ड, अर्थिंग आणि अंतिम चाचणी त्याने करावी. तांब्याच्या वायरी दिव्या-पंख्यांसाठी 1.5, साध्या पॉवर सॉकेटसाठी 2.5 आणि गीझर व वातानुकूलन यंत्रासाठी 4 चौरस मिलिमीटरच्या घेण्याचा प्रघात आहे. गीझरला स्वतंत्र सर्किट द्यावे; दोन किलोवॉटचा गीझर एकटाच सुमारे 9 अँपिअर घेतो. जुन्या घरांत बहुधा नसते ते म्हणजे 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण), ते यादीत सर्वांत वर ठेवावे. अर्थिंगशिवाय नुसत्या तीन पिनांच्या सॉकेटला काही अर्थ नाही.

गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, जमिनीपासून उभी मोजपट्टी धरून, मोबाइलने फोटो काढून ठेवावा. पुढे भिंतीत खिळा मारताना किंवा कपाट बसवताना वायर कोठून गेली आहे हे त्यावरून समजते. जुनी आणि नवी वायरिंग एकाच वेळी चालू ठेवण्याचा मोह टाळावा. एका खोलीचे काम सकाळी सुरू करून त्याच संध्याकाळी ती नव्या बोर्डवर आणता येईल, एवढेच काम एका दिवशी हाती घ्यावे. वीज हे अर्धवट सोडण्याचे काम नाही.

प्रश्न : मी संध्याकाळी सात ते अकरा काम करतो. पोर्चवरचे जुने सिमेंटचे पत्रे ग्राइंडरने कापत असताना शेजारच्या काकांनी आवाजाची आणि धुळीची तक्रार केली. घर माझे आहे, तर कोणत्या वेळेपर्यंत काम करता येते? राडारोडा कोठे टाकावा?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : काकांची तक्रार आवाजापुरती असती तर बरे झाले असते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ग्राइंडरने कापल्यावर ते धुळीबरोबर हवेत पसरून फुप्फुसांत कायमचे अडकतात. त्यातून होणारे आजार अनेक वर्षांनी दिसतात. कापणे त्वरित थांबवावे. उरलेले पत्रे पाण्याने चिंब भिजवून, त्यांचे बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत, तुकडे करू नयेत आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवावेत. पडलेली धूळ झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि फडकेही गुंडाळूनच टाकावे. साध्या कापडी रुमालाचा येथे उपयोग नाही. एन-95 मास्कही ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा नाही, पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क हवा. हीच काळजी जुना ऑइल पेंट खरवडताना घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता आहे. ते थर कोरडे न घासता पाणी लावून घासावेत, आणि लहान मुले असलेल्या घरात घासलेली माती त्याच रात्री उचलावी.

वेळेविषयी म्हणाल तर ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवता येत नाहीत. अकरापर्यंतचे आपले काम त्यात बसत नाही. व्यवहार म्हणून पाहिले तर ग्राइंडर आणि हॅमर ड्रिल साडेआठला बंद करून पुढे मोजमाप, पुट्टी, सफाई अशी बिनआवाजी कामे काढावीत, आणि तोडफोडीचा दिवस ठरला की आजूबाजूच्या दोन-चार घरांना आदल्या दिवशी सांगावे. परीक्षांचे दिवस असतील तर ते स्वतःहून टाळावेत.

राडारोडा नाल्यात, नंदिनी नदीच्या पात्रात किंवा मोकळ्या भूखंडावर टाकल्यास दंड होऊ शकतो. विटांचे अखंड तुकडे आणि काँक्रीट वेगळे करावे, ते जोत्याभोवतीच्या भरावाला आपल्यालाच लागतील. लोखंड, अॅल्युमिनियम आणि सागवानी लाकूड भंगारवाला घेतो. जुन्या सागवानी चौकटी मात्र विकण्यापूर्वी रंधा मारून पाहाव्यात, वाळवी लागलेली नसेल तर त्यांतून कपाटाच्या फळ्या निघतात. उरलेला माल गोण्यांत भरून ठेवावा आणि तो उचलण्याची व्यवस्था महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्यावी. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र या गोण्यांत मिसळू नयेत, त्यांची विल्हेवाट धोकादायक कचरा म्हणून वेगळी लावायची असते. तसे त्या कार्यालयात आधीच स्पष्ट सांगावे.